मर्ल ओबेरॉन खरंच मुंबईची होती का? मग तिनं ते आयुष्यभर का लपवलं?

होय, हॉलिवूडची ही नटी मुंबईचीच. जन्म १९ फेब्रुवारी १९११. घरात तिला 'क्वीनी' म्हणत. तुम्ही पुढे विचारलंय, की मग वर्षानुवर्षं 'मी टास्मानियाची', म्हणजे ऑस्ट्रेलियाची, असं सांगणाऱ्या बाईला खोटारडी का म्हणू नये? खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

मी मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करतो. लेन्सच्या अगदी डोक्यावर एक छोटा लाइट बसवतात, त्याला 'ओबी' म्हणतात. बाजूनं लाइट मारला की गालावरचा बारीकसा खड्डाही दिसतो, कारण त्याच्या कडेची सावली आत पडते. तोच लाइट लेन्सच्या रेषेत आणला की सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही आणि खड्डा बुजल्यासारखा होतो. देवीचे व्रण असलेल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या क्लोजअपला मी हा लाइट पहिल्यांदा लावला. मॉनिटरवर स्वतःला बघून त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात दाबला. तो ओबी म्हणजे ओबेरॉनचा ओबी. १९३७ साली लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात मर्लच्या चेहऱ्याला जखमा झाल्या होत्या. 'द लॉजर' या १९४४ च्या चित्रपटात कॅमेरामन ल्युसियन बॅलार्डनं तिच्यासाठी हा लाइट तयार केला. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

पण तिला लपवायचं होतं ते व्रणांपेक्षा फार मोठं होतं. बाप रेल्वेतला इंग्रज. वाढवलं शार्लटनं. ही मूळची सिलोनची म्हणजे श्रीलंकेची, युरेशियन म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाची बाई. मर्ल तिलाच आई समजायची. खरी आई होती शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स. ती इतक्या कोवळ्या वयात बाळंत झाली, की घरानं तिला मर्लची बहीण करून टाकलं. म्हणजे पहिलं खोटं मर्लनं बोललेलंच नाही, ते तिच्या पाळण्यातच ठेवलेलं होतं.

मग कलकत्ता. तिथे शाळेत वर्णावरून हिणवलं गेलं, शाळा सुटली. नंतर इंग्लंड, आणि तिथे निर्माता अलेक्झांडर कोर्डा. १९३३ मध्ये तिला अ‍ॅन बोलीन या इंग्लंडच्या राणीची छोटी भूमिका मिळाली आणि प्रसिद्धीसाठी जन्मगाव ठरलं टास्मानियातलं होबार्ट. इतकं लांब, की चौकशीला कोण जाणार!

अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं ते बघा. भारतीय माणसाला नागरिकत्व नाही, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९२३ मध्ये दिला होता. ती दारं उघडली १९४६ मध्ये. गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई होती आणि त्याची झळ आशियाई नटनट्यांनाही बसायची. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नटी अमेरिकेतच जन्मलेली. पण 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरणीची मुख्य भूमिका गेली लुईझ रायनर या गोऱ्या नटीला, आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. मर्लनं 'मी मुंबईची' म्हटलं असतं, तर 'द डार्क एंजल' तिला कुणी दिला असता? त्याच १९३५ च्या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. २०२३ मध्ये मलेशियाच्या मिशेल योला तेच नामांकन मिळालं तेव्हा बातम्यांत 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं तोलून-मापून लिहावं लागलं, ते मर्लमुळे.

'वुदरिंग हाइट्स'बद्दल मला राहवत नाही. मूळ इंग्रजी कादंबरीत नायक हीथक्लिफला एक जण 'लस्कर' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचा खलाशी. १९३९ च्या चित्रपटात तो सावळा हीथक्लिफ झाला इंग्रज लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि त्याची गोरी प्रेयसी कॅथी झाली मुंबईत जन्मलेली मुलगी! शेवटी तो तिला उचलून खिडकीशी नेतो तेव्हा तिचा चेहरा नीट बघा. ते काम खोट्या माणसाचं नाही.

या सगळ्याची किंमत मर्लनं मोजलीच. गोरं दिसण्यासाठी लावलेल्या प्रसाधनांनी तिची कातडी खराब झाली. पण मला जास्त लागतं ते शार्लटचं. ती मर्लबरोबर इंग्लंडला गेली, आणि पाहुणे आले की सावळी शार्लट मोलकरीण व्हायची. जिला आई म्हणून हाक मारायची, तिच्याच हातून चारचौघांत ट्रे घ्यायचा. शार्लट १९३७ मध्ये गेली. बारा वर्षांनी मर्लनं एका जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र काढून घेतलं, आणि चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितला. मर्ल घरं बदलत राहिली. ते चित्र तिच्याबरोबर प्रत्येक घरात गेलं.

१९७८ मध्ये होबार्टनं आपली लेक म्हणून तिचं स्वागत केलं. पुढच्या वर्षी २३ नोव्हेंबरला मालिबूत ती गेली. मुंबईचं सगळ्यांना कळलं ते १९८३ मध्ये, तिचं चरित्र छापून आल्यावर.

खोटारडी हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. शार्लटवर मर्लनं अन्याय केला, हे मात्र मी म्हणेन. कितीही समजून घेतलं तरी तो ट्रे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.