स्कीइंगला पोरांना न्यायचं, पण खिशाचं काय?

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो, मुलगी चौथीत आणि मुलगा १४ चा. दोघांनाही स्कीइंगला जायचंय, पण तिकिटांचे आकडे बघून ह्यांनी लॅपटॉपच बंद केला. काही स्वस्तात होतं का?

उत्तर : ताई, मुलीचं टेन्शन घेऊ नका. कोलोरॅडोत राहणाऱ्या पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी एपिक स्कूलकिड्स म्हणून स्कीम आहे, त्यात व्हेल, ब्रेकनरिज, कीस्टोन वगैरे स्की रिसॉर्टना प्रत्येकी ४ दिवस फुकट, फक्त नाव सीझन सुरू व्हायच्या आधीच नोंदवायचं, आपण लोक नेमके ख्रिसमसला जागे होतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिसरी ते सहावीसाठी कोलोरॅडो स्की कंट्री ह्या रिसॉर्टच्या संघटनेचा पासपोर्टही आहे, थोडे पैसे भरून बऱ्याच रिसॉर्टना जाता येतं.

खरा खड्डा पडतो तो मुलाचा, कारण १३ लागलं की बऱ्याच पासांवर लहान मुलांचा रेट बंद (जेवतोही मोठ्यांइतकंच म्हणा). त्याचा पास सप्टेंबरच्या आत घ्या, तिकीट खिडकीवर तर अजिबात नको, व्हेलला गर्दीच्या दिवसात एका दिवसाचे ३०० डॉलरच्या वर जातात. सामान पूर्ण सीझनसाठी भाड्याने घ्या, विकत नको, ह्या वयात पाय दरवर्षी वाढतो. हेल्मेट मात्र नवीनच, सेकंडहँडला आतून तडा गेलेला दिसत नाही. आणि पहिल्या दिवशी बाबांनी शिकवायचं नाही, क्लास लावा, महाग असला तरी.

डबा घरूनच न्या.