पीक बदलले, कूळ तेच राहिले

प्रश्न : आमच्या परड्यात भाजीचे चार वाफे आहेत, पूर्वी तेथे तंबाखू होत असे. त्यातील एका वाफ्यात मी दरवर्षी पीक बदलते. आधी वांगी लावली, नंतर मिरची आणि यंदा टोमॅटो. तरीही ऐन फुलोऱ्यात हिरवीगार रोपे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. फेरपालट करूनही असे का होते?
– एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : आपण पीक बदललेत, परंतु कूळ तेच राहिले. वांगी, मिरची, टोमॅटो आणि बटाटा ही एका कुळातील भावंडे आहेत आणि तंबाखूही त्याच घरची, हे निपाणी भागात तंबाखू पिकवणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. पाने पिवळी न पडता झाड सुकत असेल, तर जिवाणूजन्य मर रोगाची शंका घ्यावी. सुकलेल्या झाडाच्या खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगता धरावा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे उतरू लागले, तर रोग हाच. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतो आणि फवारणीने हटत नाही.

त्या वाफ्यात किमान तीन वर्षे या कुळातील काहीही लावू नये. मका, कांदा, लसूण चालतील; घेवडा घेतल्यास त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात, म्हणून त्याच्यामागून कोबी किंवा नवलकोल यांसारखे खादाड पीक घ्यावे. (मेथीला आपण पालेभाजी म्हणतो, पण कुळाने ती घेवड्याचीच बहीण.) भेंडीचे कूळ निराळे असले, तरी मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी टोमॅटोइतकेच भेंडीला व काकडीलाही धरतात, तेव्हा उपटलेल्या झाडांची मुळे पाहावीत आणि ती जागोजागी सुजलेली दिसल्यास तेथे एक हंगाम दाट झेंडू लावावा.

चारही वाफ्यांना एकाच पाटाचे पाणी जात असेल, तर मात्र ही सारी फेरपालट कागदावरच राहील, कारण पाण्याबरोबर जिवाणू पुढच्या वाफ्यात पोहोचतो. रोगट वाफ्याला पाणी सर्वांत शेवटी द्यावे, त्यातील खुरपे धुतल्याशिवाय दुसरीकडे वापरू नये आणि उपटलेली झाडे खतखड्ड्यात न टाकता वाळवून जाळावीत.