साळुंख्यांच्या घरात साळुंकी नाही

जुळे सोलापुरातल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या काकांनी हुग्गीचा द्रोण जवळ ओढत विचारलं, "पोरगी मोऱ्यांची, पोरगा साळुंख्यांचा. मोराची न् साळुंकीची सोयरीक झाली की हो! पाखरांवरनंच पडलीत ना ही आडनावं?" अर्धं उत्तर तिथंच दिलं, बाकीचं इथं.

साळुंखे पाखरांतले नव्हेत. साळुंकी ही संस्कृतातली सारिका. साळुंखे आले चालुक्यांवरून. गुजरातेत चौलुक्यांचे सोळंकी झाले तसेच. आता चालुक्य कशावरून? ब्रह्मदेवाच्या चुलुकातून, म्हणजे ओंजळीतल्या पाण्यातून, यांचा मूळ पुरुष निघाला अशी कथा आहे. कथा खरी धरायचं कारण नाही, पण चुलुक ओळखीचा आहे: जेवण झाल्यावर आपण भरतो ती चूळ त्यातलीच. काकांना हे मी हात धुताना सांगितलं. ते चूळ तोंडात धरून नुसते बघत राहिले.

मोरे मात्र मोराचेच, फक्त वळसा घालून आलेले. मौर्य, पालीत मोरिय, आणि त्यावरून मोरे. मोरियांच्या नगरात मोरांचे आवाज घुमायचे म्हणून हे नाव, असं बौद्ध परंपरा सांगते. पुराणांच्या टीकाकारांनी मौर्यांना मुरा नावाची आई शोधून दिली, पण मुरेचा मुलगा व्याकरणाने 'मौरेय' व्हायला हवा. मला मोरच पटतो.

गंमत पुढेच आहे. ऐहोळेच्या 634 सालच्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने, म्हणजे चालुक्याने, कोकणातल्या मौर्यांचा पाडाव केल्याचं कोरलेलं आहे. आजची घराणी थेट त्यांच्याच रक्ताची असं मी म्हणत नाही, पण व्याह्यांच्या बैठकीत हा विषय काढू नये.

पारवे, कावळे, ससाणे यांत फार खोदण्यासारखं नाही. ससाण्याला संस्कृत कोशांत 'शशादन', ससे खाणारा, म्हटलंय तेवढं लक्षात ठेवा. घाऱ्यांच्या बाबतीत मी घारीपेक्षा घाऱ्या डोळ्यांकडे झुकतो.

राघूचं उलटंच झालं. राघवाचं लाडकं रूप राघू, आणि ते पोपटाला चिकटलं. माणसाचं नाव पाखराने नेलं.

काकांचं घर पूर्व भागात, शेजार सगळा तेलुगू. निघताना म्हणाले, "आमच्याकडं बारक्या पाखराला पिट्ट म्हणतात, त्याचं काय?" त्याचं असं, की आपल्या नवरंग पक्ष्याचं शास्त्रीय नाव पिट्टा आहे, आणि ते तेलुगूतूनच उचललेलं आहे. काका खूश झाले. घरी जाऊन शेजारच्या आजींना सांगतो म्हणाले.