मोठ्या टायरसाठी मडगार्ड कापलं, आता नोटीस आली आहे

प्रश्न : माझी खासगी फोर बाय फोर गाडी कर्जावर घेतलेली आहे. मूळचे २४५/७५ आर १६ टायर काढून मी २८५/७० आर १७ बसवले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासायचे, म्हणून गॅरेजवाल्याने पुढच्या मडगार्डची कड ग्राइंडरने कापली, चाकामागची पत्र्याची शिवण ठोकून आडवी केली आणि चारही चाकांवर रुंद फ्लेअर (चाकावरची बाहेर आलेली पट्टी) लावले. गेल्या महिन्यात सिग्नलला उभ्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली. 'अनधिकृत बदल' म्हणत विमा कंपनीने दावा फेटाळला. त्यातच आरटीओचं कलम १८२-अ चं चलान आलं आणि नोंदणी निलंबित का करू नये अशी नोटीसही. मूळचे टायर परत घातले तर प्रकरण मिटेल का? चलान भरून मोकळा होऊ का?

उत्तर : चलान लगेच भरू नका, आणि नुसते टायर बदलून हे मिटणार नाही. टायर तासाभरात उतरतात. तुमचं प्रकरण पत्र्यात अडकलं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये. 'बदल' कशाला म्हणायचं तेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचा आकार लिहिलेला नसतो, तो मालवाहू-प्रवासी वाहनांच्या नोंदीत असतो. त्यामुळे फक्त टायर मोठे असते तर 'आरसीशी विसंगती कुठे आहे?' असं विचारायला जागा होती. पण ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात कलम ५२ कडक अर्थाने वाचलं आणि उत्पादकाचं मूळ स्पेसिफिकेशन हाच निकष धरला. कापलेला पत्रा समोर असताना टायरचा युक्तिवाद एकट्याने टिकणार नाही.

कापाकापी झाली तरी कुठला भाग कापला हे महत्त्वाचं आहे. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या चासीवर बॉडी बसवलेल्या, बहुतेक गाड्यांत पुढचं मडगार्ड, बंपर आणि आतलं प्लास्टिक लायनर बोल्टवर बसतात. ते नवीन आणून लावले की गाडी तेवढ्यापुरती मूळपदावर येते. चाकामागची शिवण तशी नाही. तिथे बॉडीचे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, म्हणजे ती बॉडीच्या सांगाड्याचा भाग. नुसती ठोकून वाकवली असेल तर डेंटर ती सरळ करू शकतो. ग्राइंडर लावून वेल्डच उडवले असतील, तर तो रचनेतला फेरफार नाही असं म्हणणं मलाही अवघड जाईल. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून त्या शिवणेचे दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. त्यानंतरच नोटिशीच्या उत्तराचा मसुदा करू.

मूळपदावर आणण्याआधी एक काम आहे. विमा कंपनीला लेखी कळवा की तुम्ही गाडी पूर्ववत करत आहात आणि पुन्हा पाहणी करायची असेल तर सात दिवसांत करावी. हे न करता पत्रा बदललात तर 'पुरावा नष्ट केला' हा आरोप फुकटचा ओढवून घ्याल.

मग गॅरेजला हे लेखी द्या : नवीन मडगार्ड आणि लायनर, सुट्या भागांचे क्रमांक बिलावर, शिवण सरळ करून उडालेल्या जागी पुन्हा वेल्ड, त्यावर झिंक प्रायमर, सीम सीलर आणि खालून कोटिंग, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरेल. फ्लेअर काढल्यावर मागच्या बाजूला स्क्रूची भोकं दिसतील. मागचा पॅनल बोल्टवर नसतो, बॉडीलाच वेल्ड केलेला असतो. ती भोकं पुटी भरून लपवू नका, वेल्ड करून घ्या. पुटी निरीक्षकाच्या बोटाला लगेच कळते, आणि मग बाकीच्या खऱ्या कामावरचाही त्याचा विश्वास उडतो. स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) असतील तर तेही काढा. स्टेपनीही मूळ मापाची हवी.

मीटर विसरू नका. तुमच्या मूळ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी, नव्याचा ८३१. मोठ्या टायरवर मीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावत होती. गॅरेजने त्यासाठी मीटर जुळवून दिलं असेल तर आता उलटी चूक होईल. ते मूळ सेटिंगला आणायला सांगा.

आता नोटीस. ती कलम ५३ खालची आहे. उत्तर मुदतीतच द्या, प्रत्यक्ष सुनावणी मागा, आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं जोडा आणि मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणीची विनंती करा. दोष दूर झाले हे दिसलं तर निलंबनाचा आधारच ढासळतो. तरीही आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. दरम्यान निलंबित आरसीवर गाडी रस्त्यावर काढलीत तर कलम १९२ चा नवा गुन्हा लागेल.

चलानावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा. कलम १८२-अ (४) मध्ये शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 'प्रत्येक बदलामागे' ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी आहे. इथंच घोडं पेंड खातं. टायर, मडगार्ड, शिवण, फ्लेअर असे चार बदल मोजले की आकडा २०,००० वर जातो. फ्लेअर वरून स्क्रूने लावलेले आहेत, ते 'रचनेतला बदल' नाहीत, ही हरकत लेखी घ्या. गाडी पूर्ववत झाल्यावर, जे उरेल त्यापुरती कलम २०० खालची तडजोड रक्कम (खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची) भरणं शहाणपणाचं. एवढ्यासाठी कोर्टाच्या तारखा घालवू नयेत. मात्र आज, काहीच उत्तर न देता भरलंत, तर विमा कंपनी ती पावती कबुलीजबाब म्हणून नाचवेल.

विम्यात तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा चांगली आहे. गाडी उभी होती, धडक मागून बसली. पुढचं मडगार्ड कापलं नसतं तरी अपघात तसाच झाला असता. फेटाळणीच्या पत्रात पॉलिसीची कोणती अट मोडली ते लिहिलंय का, हे बघा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. अट मोडली असं धरलं तरी सगळा दावा बुडतोच असं नाही : अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) गाडी भाड्याने वापरल्याचा आक्षेप असूनही सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. खरा धोका तारखेत आहे. बदल केल्यानंतर पॉलिसीचं नूतनीकरण केलंत आणि 'गाडीत काही बदल?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंत का? तसं असेल तर ते आधी मला सांगा.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. महिन्याभरात समाधान झालं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे. टेम्पोवाल्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही भरपाई मागता येते, पण अपघातापासून सहा महिन्यांत. तुमचा एक महिना गेला आहे. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळणार नाहीत, म्हणून दोन्हीकडे दुसऱ्या दाव्याचा उल्लेख करा.

बँकेबद्दल थोडक्यात : कलम ५२ मधली लेखी संमतीची अट हायर-परचेसच्या गाडीला आहे, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत जिची मालकी पैसे देणाऱ्याकडे राहते तिला. तुमचं हायपोथिकेशन (गाडी तारण ठेवून घेतलेलं कर्ज) असेल तर गाडीचे मालक तुम्हीच, आणि ती अट शब्दशः लागू होत नाही. पण कर्जाच्या करारात बहुधा तसंच कलम असतं, ते शोधून वाचा.

'आरटीओकडे बदलाची नोंद करून घेऊ' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याच्या नादी लागू नका. इंधन बदलाचं मान्यताप्राप्त किट किंवा अपंग व्यक्तीसाठी जुळवून घेतलेलं वाहन यांना कायद्यात वाट आहे, कापलेल्या मडगार्डला नाही. मोठे टायर हवेच असतील तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात उत्पादक देतो तोच आकार, त्याच रिमसह, तोही कात्री न लावता बसत असेल तरच घ्या.

काढलेली मडगार्डं भंगारात देऊ नका. अपील आणि लोकपाल दोन्ही निकाली निघेपर्यंत ती चिठ्ठी लावून ठेवा.