टीका, समीक्षा की अभिप्राय? फोटो स्पर्धेतल्या एका रकान्याचं नाव

विचारणा अशी आहे: हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेत यंदा नुसते गुण न देता प्रत्येक फोटोवर लेखी मत द्यायचं ठरलंय. परीक्षक लिहिणार आणि स्पर्धकही एकमेकांच्या फोटोंवर लिहिणार. त्या रकान्याला मराठीत काय म्हणावं? ‘टीका’ म्हटलं की लोक बिचकतात, ‘रसग्रहण’ म्हटलं की वाहवा करून मोकळे होतात आणि ‘फीडबॅक’ काही जणांना नकोय. शिवाय एक पोटप्रश्न: मत ‘परखड’ मागावं की ‘प्रामाणिक’?

आधी ‘टीका’. या शब्दाचं मूळ काम निंदा करणं नव्हतंच, उलगडून सांगणं हे होतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ग्रंथाचा काळ सांगताना शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, असा उल्लेख येतो आणि तिथे शब्द आहेत ‘टीका केली ज्ञानेश्वरें’. ‘ज्ञानेश्वरांची गीतेवर टीका’ असा मथळा आज कुणी छापला तर केवढा गहजब होईल! संस्कृतातही टीकाकार म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावून देणारा. कालिदासाच्या काव्यांवर मल्लिनाथाने लिहिलेली ‘संजीवनी’ ही टीकाच, आणि तिच्या आरंभी त्याने स्वतःला एक बंधन घालून घेतलंय: ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. मुळात आधार नाही असं काही लिहिणार नाही, गरज नाही असं काही बोलणार नाही.

फोटोवर मत देणाऱ्यांसाठी याहून नेमका नियम माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘घाईघाईत काढलेला दिसतो’ किंवा ‘महागडी लेन्स असली की असं जमतं’ ही विधानं अमूल आहेत, कारण घाई आणि किंमत फोटोत दिसत नाहीत. ‘मी असतो तर सूर्यास्त काढलाच नसता, सूर्यास्त पाहून कंटाळा आलाय’ हे मल्लिनाथाच्या अर्थाने अनपेक्षित, म्हणजे गरज नसलेलं. बोलणाऱ्याचा कंटाळा खराच असेल, पण ज्याने सूर्यास्त काढलाय त्याला त्याचा काही उपयोग नाही.

तरीही रकान्यावर ‘टीका’ लिहू नका. आज टीकेची झोड उठते, टीकास्त्र सोडलं जातं, माणूस टीकेचा धनी होतो. शब्दाची सोयरीकच बदललीय. मूळ अर्थ कितीही चांगला असला तरी तो छापील कागदाच्या एका मथळ्याने परत येत नसतो. एक बारीकशी गंमत व्याकरणातही आहे: टीका नेहमी कशा‘वर’ तरी होते, समीक्षा मात्र कशा‘ची’ तरी. ‘वर’ म्हटलं की कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली असं चित्र आपसूक उभं राहतं.

‘रसग्रहण’ शाळेत कवितेला चिकटलं ते कायमचं. त्यात रस आहेच असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे जिथे तो नाही तिथे लिहिणाऱ्याची पंचाईत होते. ‘फीडबॅक’ मूळचा यंत्रांचा, बाहेर पडलेल्याचा काही भाग परत आत सोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. तो शब्द रकान्यावर छापला तर पहिली शंका त्या शब्दावरच येईल. ‘अभिप्राय’ सोपा आहे, पण अभिप्रायाच्या वहीत माणसं पाहुण्यासारखी लिहितात: ‘उत्तम उपक्रम, पुढील वाटचालीस शुभेच्छा’. आणि ‘क्रिटिक’ लिहिलं तर ते मत की मत देणारा, हेच कळत नाही. मत देणारा तो ‘क्रिटिक’, मत ते ‘क्रिटीक’; एकात ‘टि’ ऱ्हस्व, दुसऱ्यात दीर्घ, एवढ्यावर कुणी थांबणार नाही. जाता जाता सांगतो, ‘क्रिटिक’च्या ग्रीक मुळाचा अर्थ वेगळं करणं, निवडणं असा आहे आणि आपल्या ‘विवेचन’ आणि ‘विवेक’मधला ‘विच्’ धातूही वेगळं करण्याचाच. तेव्हा मुळाला मूळ लावायचं तर ‘विवेचन’ सगळ्यांत जवळचं. पण एका फोटोखालच्या चार ओळींना विवेचन म्हणणं म्हणजे फारच मानाचं पान.

माझं मत ‘समीक्षा’ला. सम् अधिक ईक्ष्, नीट पाहणं. फोटोच्या बाबतीत पाहण्याचाच शब्द असावा हे उचित आहे आणि स्पर्धेभोवतीचं सगळं गोतही याच धातूचं: परीक्षक, प्रेक्षक, निरीक्षण, आणि स्पर्धकाच्या वाट्याला येणाऱ्या अपेक्षा, प्रतीक्षा आणि बरेचदा उपेक्षा. आपली ‘पारख’सुद्धा ‘परीक्षा’तूनच घासून आलेली. समीक्षा हा शब्द जड वाटतो ही तक्रार जुनी झाली. चित्रपट समीक्षेने त्याला पुरेसं हलकं केलंय. परीक्षकांच्या कामाला मात्र ‘परीक्षण’च म्हणा, कारण त्याच्या शेवटी गुण आणि निवाडा असतो. एका स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाला निवाडा द्यायचा नाही, हा फरक दोन शब्दांनी आपोआप राखला जाईल.

पण खरं सांगायचं तर तुमची अडचण रकान्याच्या नावाने सुटणार नाही. ती सुटेल रकान्यात काय लिहिलं जातं त्याने, आणि तिथे मराठीची खरी गंमत नामात नाही, क्रियापदात आहे.

एक फोटो धरू. गडद पाण्यावर उतरणारा पांढरा बगळा, पंख पसरलेले, वरून कडक ऊन. पंखांचा भाग पांढराफटक पडलाय, डोळा मऊ, म्हणजे जरा पुसट, आलाय, उजव्या कडेला कुठल्याशा फांदीचा अर्धा तुकडा. एकाने लिहिलं: ‘पंख जाळून टाकलेत. डोळा फोकसमध्ये घेतलेला नाही. फांदी तशीच ठेवलीय.’ दुसऱ्याने लिहिलं: ‘पंखांतले तपशील जळलेत. फोकस डोळ्याऐवजी मानेवर बसलाय. कडेची अर्धी फांदी बगळ्याच्या आधी नजरेत भरते.’ दोघांनी तीनच गोष्टी सांगितल्या आणि त्याच तीन. पहिल्यात प्रत्येक वाक्याला एक न लिहिलेला ‘तुम्ही’ आहे, दुसऱ्यात तो नाही. जळणं आणि जाळणं, तुटणं आणि तोडणं, पडणं आणि पाडणं, हललं आणि हलवलं: मराठीने या जोड्या आपल्याला फुकट दिल्यात. ‘माणसाचा हात कडेला तुटलाय’ म्हटलं की बोट फोटोकडे, ‘हात तोडलाय’ म्हटलं की बोट माणसाकडे. सौम्यपणासाठी गोड विशेषणं पेरावी लागत नाहीत.

अर्थात याचाही अतिरेक होतो. सगळंच आपोआप झालं, जळलं, कललं, हुकलं, तर शिकणाऱ्याने पुढच्या वेळी करायचं काय? म्हणून परिणाम अकर्मक क्रियापदाने सांगून झाला की कारण सांगावं आणि तेही फोटोपुरतं: ‘मागचं पाणी गडद असल्यामुळे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सगळंच दृश्य उजळ करायला घेतलं असावं. एक्स्पोजर (आत घेतलेला प्रकाश) एखादा स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, खाली घेतलं असतं तर पिसं वाचली असती.’ हेच दुसऱ्या फोटोत उलटं असू शकतं. तोच बगळा चौकटभर असेल तर मीटर पांढऱ्याला करडं करू पाहतो आणि एक्स्पोजर वर न्यावं लागतं. तेव्हा ‘पांढऱ्या पक्ष्याला नेहमी एक्स्पोजर कमी’ असा नियम ठोकून देणारी समीक्षाही अमूलच.

आता जो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे फोटोंवरची मतं कडवट असतात म्हणून फुकट जातात असं नाही, बहुतेक वेळा ती ढोबळ असतात म्हणून फुकट जातात. ‘ब्लर आहे’ हे वाक्य घ्या. त्यात तीन वेगळे दोष एका पोत्यात कोंबलेले असतात. पूर्ण चौकटीतलं सगळं, झाडंसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. मागचं स्थिर आणि फक्त पंखाची टोकं पुसट असतील तर पक्षी हललाय. पक्षी पुसट पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत लख्ख असेल तर फोकस चुकलाय. पहिल्याला ट्रायपॉड किंवा वेगवान शटर, दुसऱ्याला फक्त वेगवान शटर (ट्रायपॉडने पक्षी थांबत नाही) आणि तिसऱ्याला या दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही. ‘कॅमेरा हललाय’, ‘पक्षी हललाय’, ‘फोकस चुकलाय’ असं वेगवेगळं लिहायला ‘ब्लर’पेक्षा एखादाच शब्द जास्त लागतो.

‘फार ब्राइट आहे’चंही तसंच. उजळ आणि जळलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक. जेपेग फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते. तिन्ही रंग २५५ला जाऊन टेकले की तिथे पिसं होती की कागद होता, याची नोंदच उरत नाही. नुसता उजळ भाग नंतर खाली आणता येतो, जळलेला भाग खाली आणला तर करडा होतो, पिसं परत येत नाहीत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद) असेल तर थोडी सवलत मिळते, पण थोडीच. म्हणून ‘उजळ आहे’ ही सूचना आणि ‘जळलाय’ ही दुसरीच बातमी. त्याच धर्तीवर ‘रंग भडक झालेत’ आणि ‘रंग चुकलेत’ हेही वेगळे: पहिल्यात सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता), दुसऱ्यात व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगांचा तोल). कौतुकालाही हाच न्याय लावायला हरकत नाही. ‘नाइस क्लिक’मध्ये नाइस काय, ते लिहा की!

आता घेणाऱ्याची बाजू. मराठीत ‘मनावर घेणं’ आणि ‘मनाला लावून घेणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनावर घेतलं की माणूस कामाला लागतो, मनाला लावून घेतलं की अंथरूण धरतो. त्यात आणखी पेच असा की नकारात ‘मनावर घेऊ नका’ हे आपण सांत्वन म्हणून वापरतो. चांगली चार वाक्यं लिहून शेवटी ‘मनावर घेऊ नका हं’ असं जोडणारे सद्‌गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांनी लक्षात घ्यावं की ते आपलीच समीक्षा शेवटच्या ओळीत रद्द करताहेत. ‘ऐकणं’ आणि ‘ऐकून घेणं’ यांतही अशीच सोय आहे. ‘तो माझं ऐकत नाही’ म्हणजे मी सांगतो तसं करत नाही. स्पर्धकाने समीक्षा ऐकून घ्यावी, ऐकलीच पाहिजे असं नाही. फांदी मुद्दाम ठेवली असेल तर तसं त्याने सांगावं आणि फांदी राहू द्यावी. मात्र ‘अहो, त्या वेळी वाराच एवढा होता’ हे उत्तर समीक्षेला लागू पडत नाही. वारा चौकटीबाहेरचा आहे. नियम दोन्ही बाजूंना सारखाच.

राहिला पोटप्रश्न. ‘परखड’ हा बोलण्याच्या ढंगाचा शब्द आहे. परखड बोलणाऱ्याचं कौतुक त्याच्या बोलण्याचं होतं, ज्याबद्दल तो बोलला ती वस्तू बाजूला राहते. शिवाय परखड मागितलं की काही मंडळींना आपण मागितल्यापेक्षा जास्त द्यावं असं वाटू लागतं. ‘प्रांजळ’ म्हणजे सरळ, पण त्याचं जमतं कबुलीशी. माणूस स्वतःबद्दल प्रांजळ असतो. ‘स्पष्ट’ चालेल, पण ‘स्पष्टच सांगतो’ने सुरू झालेली वाक्यं कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. ‘प्रामाणिक’ मला इथे सगळ्यांत चपखल वाटतो, तोही नुसता सालस आहे म्हणून नव्हे. तो ‘प्रमाण’पासून आलाय. प्रमाण असलेलं ते प्रामाणिक, हा संस्कृतातला अर्थ. खोटं न बोलणारा हा आपल्याकडे रूढ झालेला. फोटोच्या समीक्षेत दोन्ही अर्थ हवेत: मनातलं असावं आणि बोट ठेवून दाखवता यावं.

तेव्हा कागदावर छापायला मी असा मजकूर सुचवेन. परीक्षकांच्या रकान्यावर ‘परीक्षण’, स्पर्धकांच्या रकान्यावर ‘समीक्षा’. खाली बारीक टायपात: ‘प्रामाणिक मत लिहावं. फोटोत कुठे ते सांगावं, काय झालंय ते सांगावं, कशामुळे ते ठाऊक असेल तरच सांगावं.’ आणि जागा चार ओळींचीच ठेवा. पाचवी ओळ मिळाली की लोक स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दल लिहायला लागतात.