कॉलेज आलं, तरी पेशंट धुळ्यालाच का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज होऊन इतकी वर्षं झाली, पण मागच्या महिन्यात वहिनीला बाळंतपणात अडचण आली तर एका दवाखान्यातून रात्री दीडला "भूलवाले डॉक्टर नाहीत, धुळ्याला न्या" असंच सांगितलं. मग कॉलेजचा उपयोग काय?
– नंदुरबार जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर: भाऊ, आधी वहिनी अन् बाळ बरे आहेत का ते तर लिहिलंच नाही तुम्ही! बरे असतील असं धरून चालतो.

तुमचा राग खोटा नाही. पण कॉलेज म्हणजे केळीची मृगबाग नाही हो, की लावली अन् वर्ष-दीड वर्षात घड कापला. नंदुरबारला पहिली बॅच २०२०-२१ ची, साडेचार वर्षं अभ्यास अन् वर १ वर्ष इंटर्नशिप, म्हणजे तिथला पहिला पुरा डॉक्टर २०२६ च्या आधी बाहेर पडत नाही, अन् तोही नुसता एमबीबीएस. वहिनीला पाहिजे होता भूलतज्ज्ञ, सिझर करणारा अन् रक्ताची पिशवी, तिन्ही एकाच वेळी, एकाच छताखाली. तज्ज्ञ व्हायला त्याच पोराला अजून ३ वर्षं एमडी-एमएस करावं लागतं.

मग कॉलेजनं होतं काय? माझ्या मते खरा फरक पडतो तो पीजीच्या, म्हणजे याच एमडी-एमएसच्या, सीटा सुरू झाल्यावर. मोठं सरकारी हॉस्पिटल रात्री चालवतं कोण, तर रेसिडेंट, म्हणजे पीजी शिकता शिकता ड्युटी करणारी पोरं-पोरी, सर तर घरून फोनवर असतात (आम्हीही तेच केलं, लपवून काय फायदा). धुळ्याचं कॉलेज जुनं आहे, म्हणून सगळे तिकडं पाठवतात, जळगावचं तर २०१८ चं. तेव्हा आमदार भेटले की नवी बिल्डिंग कधी हे विचारू नका, स्त्रीरोग अन् भूलशास्त्राच्या पीजीच्या जागा किती अन् शिकवणारे किती भरले ते विचारा, कारण घोडं तिथंच अडतं. मास्तर मिळाले तरी मुलांची शाळा, बायकोची नोकरी बघून दोन वर्षांत पुण्या-नाशिककडं सटकतात.

अन् एवढं सगळं झालं तरी धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरची बाई आपोआप वाचत नाही बरं का, तिला आधी झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. बाँडवाला, म्हणजे शिक्षणानंतर सक्तीची सरकारी सेवा करणारा, डॉक्टर तिकडं जातो, पण वर्ष संपलं की गेला. तिथलंच पोर शिकून तिथं टिकलं तर गोष्ट वेगळी, म्हणून आदिवासी भागातल्या मुलांना अकरावीपासूनच नीटची तयारी करून देणं मला कॉलेजइतकंच मोठं काम वाटतं.

एक राहिलंच. वहिनीची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? हा आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार, आपल्या भागात बराच आहे. नसेल तर वहिनी अन् दादा दोघांची करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते, अन् बाळाचं काय करायचं ते तिथं विचारा.