आईला डिप्रेशन असेल तर मुलावर परिणाम होतोच का?

प्रश्नाखाली ताईंनी लिहिलंय की दीड वर्षापासून गोळ्या चालू आहेत, मुलगी चार वर्षांची आहे आणि दिवसातून दहा वेळा विचारते "आई तू रागावलीस का", आणि सासूबाईंचं म्हणणं की तुझ्यामुळे पोरगी घाबरट झाली.

ताई, मी डॉक्टर नाही. मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ज्याच्या आईला डिप्रेशन होतं तो मुलगा. आता चाळिशीला आलोय, मला एक मुलगा आहे, आणि या विषयावर मिळेल ते वाचत आलोय कारण स्वतःचंच कोडं सोडवायचं होतं. परिणाम होतो, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई म्हणतात तसा नाही होत, आणि "तुझ्यामुळे" हा शब्द तर साफ चुकीचा.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर कामाला, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. मी दुसरीत असताना बहीण झाली आणि नंतर दोनतीन महिन्यांत आई बंदच पडली. आमच्याकडे लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि अख्ख्या गल्लीत कसंतरीच शांत वाटतं, घरात तसं झालं होतं. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं आज कसं आहे ते, कारण तिथून आमच्या माडीवरची दोरी दिसायची. दोरीवर कपडे असले की आज बरं. नसले की समजायचं, कपडे धुऊन पिळून बादलीत तसेच पडलेत आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपलीय. धुवायची ती, पिळायची पण, तिथून उठून वाळत घालणं मात्र व्हायचंच नाही तिला. मग मी चप्पल पण आवाज न करता काढायचो आणि स्टुलावर चढून वाळत घालायचो. तोवर कपड्यांना कुबट वास लागलेला असायचा, वर्गात पोरं नाक धरायची.

बहीण मात्र रडायची नाही. सगळे म्हणायचे किती गुणी पोर, आईला त्रास नको म्हणून कशी शांत पडून असते बघा. अंगणवाडीच्या ताई वजन करायच्या तेव्हा कार्डावरची रेघ वर जायची ती आडवी झाली, तर त्यांनी आजीला सांगितलं दूध नीट पाजा, वरचं चालू करा. आई कशी आहे हे कुणी विचारलं नाही. घरच्यांचं आधीच ठरलं होतं, बाळंतपणात काहीतरी बाहेरचं लागलंय, मग नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा चालू केल्या आणि एका देवऋष्याने बरेच पैसे खाल्ले. (वाडीला माझा आक्षेप नाही, आईला तिथे नदीकाठी बसून खरंच जरा बरं वाटायचं. देवऋष्याला आहे.)

खूप नंतर, नोकरीला लागल्यावर एक व्हिडिओ बघितला. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला प्रयोग आहे. आई बाळाशी छान खेळते, मग दोन मिनिटं चेहरा दगडासारखा करून नुसती बघत बसते. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं, म्हणजे जे जे येतं ते सगळं करून बघतं आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. मी तो व्हिडिओ ऑफिसात बघत होतो, अर्ध्यात बंद करून जिन्यात जाऊन उभा राहिलो. आमचं गुणी बाळ! ते करून थकलं होतं हो. आणि मी, जो रोज संध्याकाळी आमच्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करून आईला हसवायला बघायचो, मी पण तेच करत होतो.

वजनाचं पण तसंच. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा हॉस्पिटलमधल्या बायकांचा अभ्यास केला होता, २००२ आणि २००३ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं, म्हणजे जवळपास चारातली एक. त्यांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि उंचीत मागे पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. आणि आयांच्या डिप्रेशनची कारणं बघा काय निघाली, पैशाची ओढाताण, नवऱ्याशी पटत नसणं, मारहाण, त्यातच मुलगी होणं. याच्यात बाईचा स्वतःचा दोष कुठला ते सासूबाईंनीच सांगावं.

मुलगी झाली म्हणून आमच्या आजीने तोंड वाकडं केलं होतं. तिचं ऐकून मी पण दवाखान्यात आईला म्हणालो होतो "मला ही नको, भाऊ पाहिजे होता". नंतर आई अशी झाल्यावर मला पक्कं वाटलं की मी तसं बोललो म्हणूनच ती झोपून राहते. हे मी कुणाला सांगितलं नाही. किती वर्षं? आईला स्वतःला सांगितलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. ती म्हणाली, "काय की बाबा, मला तर आठवत पण नाही तू असलं काय बोललास."

म्हणून तुम्हाला सांगतोय. आई दुःखी आहे हे पोराला कळतंच, लपवता येत नाही. का दुःखी आहे हे कुणी सांगत नाही, मग पोर स्वतःच कारण शोधतं आणि त्याला हाताशी एकच माणूस सापडतो, ते स्वतः. आमचे वडील वाईट नव्हते, दारू नाही काही नाही, रात्रपाळीवरून येऊन आधी चहा टाकायचे, आम्हाला शाळेला लावून मग झोपायचे, पण आईला काय झालंय याबद्दल तीन वर्षांत एक अक्षर नाही. एक वाक्य बोलले असते तरी माझं अर्धं ओझं गेलं असतं.

आम्ही त्यातून निभावलो ते दोन गोष्टींमुळे. एक शेजारची मावशी. ती घरी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, मी शाळेतून आलो की हाक मारून शेजारी बसवायची, बहीण तिच्या मांडीवर, आणि चाक फिरवता फिरवता अखंड बडबड, भाजीचे भाव, जावेच्या चहाड्या, काय पण. बहीण बोलायला उशिरा लागली पण लागली ती मावशीच्याच घरात, आणि पहिला शब्द "कांडी" होता असं मावशी अजून सांगते (खरं खोटं देव जाणे). हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा एमी वर्नर यांनी कितीतरी वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरात भांडणं, आईबापाला मानसिक आजार अशा घरातली सुद्धा साधारण तिसरा हिस्सा मुलं नीट वाढली, आणि त्या मुलांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एखादं तरी धरून राहणारं मोठं माणूस होतं. आजी, शिक्षिका, शेजारीण, कुणीही. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर कांड्यांचं चाकच आलं. तुमच्या सासूबाई घाबरट घाबरट म्हणण्यापेक्षा रोज तासभर पोरीला घेऊन बसल्या तर, असो, तुमचं घर तुम्हाला माहीत.

दुसरी गोष्ट औषध. मी पाचवीत असताना मामाने हट्टाने आईला मिरजेला नेऊन दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या, पहिले दोनतीन आठवडे काही फरक नाही, आजी म्हणाली बघा पैसे वाया. मग एक दिवस आलो तर दोरीवर कपडे. दुसऱ्या दिवशी पण. २००६ मध्ये अमेरिकेत मर्ना वाइसमन यांचा एक अभ्यास आला, डिप्रेशनवर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांचे त्रास पण कमी झाले, आणि ज्या नाही झाल्या त्यांच्या मुलांचे वाढले. त्या अभ्यासात उपचार आयांचे होते, मुलांचे नव्हते बरं का. तेव्हा तुम्ही गोळी घेताय ती पोरीसाठी पण घेताय, हे सासूबाईंना नक्की सांगा. आणि कुणाच्या बोलण्यावरून मनाने बंद करू नका, कमीजास्त करायची ती डॉक्टरांनीच. मधेच रात्रीबेरात्री फार खाली गेल्यासारखं वाटलं तर टेलिमानसचा नंबर आहे १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

घरात मी काय करतो ते सांगतो. मला पण अधूनमधून तसे दिवस येतात. तेव्हा पोराला सरळ सांगतो, "बाबाच्या डोक्याला आज बरं नाही, तापात अंग दुखतं ना तसं, तू काही केलं नाहीस, उद्यापरवा कमी होईल." एवढंच. रडगाणं नाही, आणि "तू शहाण्यासारखा वाग म्हणजे बाबा बरा होईल" हे तर कधीच नाही, कारण मग ते पोर तुमचं औषध होऊन बसतं. आणि दिवस कसाही असो, झोपताना डोक्याला तेल लावायचं दहा मिनिटं, हे चुकवत नाही. बोलायला जीव नसतो तेव्हा पण हात चालतो.

आणि तुमची मुलगी विचारते ना दहा वेळा, रागावलीस का म्हणून? त्याचा तुम्हाला वैताग येत असेल, साहजिक आहे. पण ती विचारतेय हो. मी दुसरीतच विचारायचं सोडून दिलं होतं, दोरीकडे बघून अंदाज लावायचो. तिला दहाही वेळा उत्तर द्या, तेच तेच वाक्य चालेल, "नाही गं, रागावले नाही, डोकं दमलंय." आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगा ती असं विचारते म्हणून, जमलं तर नवऱ्याला पण सोबत न्या.